व्यासपीठ आणि उंबरठा

आज आषाढी पौर्णिमा. भगवान वेदव्यासांच्या पूजनाचा दिवस. आज घरोघरी गुरूंच्या प्रतिमेस हार चढेल, मठामंदिरांतून पादुकांवर अभिषेक होतील, आणि ज्या आसनावर बसून पुराण सांगावयाचे त्या आसनासही गंधफूल वाहिले जाईल. वक्त्याच्या आसनाला ‘व्यासपीठ’ हे नाव देणारी आपली परंपरा आहे. तेथे बसणाऱ्याने पदरचे काही सांगावयाचे नसते. व्यासांचे बोलणे आपल्या मुखाने पुढे न्यावयाचे असते, असा त्या नावाचा अभिप्राय आहे.

अशा पुण्यदिनी आम्ही ख्रिस्ती धर्मगुरूंच्या उपदेशकार्याविषयी लिहावयास बसलो, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु देवाचे नाव घेऊन लोकांपुढे उभे राहणे हा सर्वच धर्मांत मोठ्या जोखमीचा पेशा आहे. त्या पेशावर आज जे संकट आले आहे, ते प्रथम चर्चच्या दारी उभे राहिले. आपल्या दारी यावयास त्याला फार दिवस लागतील असे दिसत नाही. शेजाऱ्याचे घर पेटलेले पाहून आपल्या छपरावर पाणी शिंपडणे, हे शहाण्या गृहस्थाचे लक्षण होय.

यंत्राने केलेला उपदेश

९ जून २०२३ रोजी जर्मनीतील फ्यूर्थ या गावी, संत पॉल यांच्या नावाच्या चर्चमध्ये एक विलक्षण उपासना झाली. तीनशेहून अधिक माणसे जमली होती. वेदीच्या वर एक मोठा पडदा लावला होता, आणि त्या पडद्यावरून यंत्राने घडविलेल्या मानवाकृती एकामागून एक बोलत होत्या. सुमारे चाळीस मिनिटांच्या त्या उपासनेतील उपदेश, प्रार्थना आणि आशीर्वचन बहुतांशी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले होते. व्हिएन्ना विद्यापीठातील एका तरुण धर्मशास्त्रज्ञाने हा प्रयोग योजिला होता. भूतकाळ मागे टाकावा, मृत्यूचे भय धरू नये, श्रद्धा सोडू नये, असा त्या उपदेशाचा विषय होता. विषयात खोट काढावी असे काही नव्हते. काहींना तर रचना अपेक्षेहून बरी वाटली. पण बोलणाऱ्या आकृतीच्या चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती, स्वर एकसुरी होता. गंभीर वाक्यांनाही मधूनमधून हशा पिकला. या बोलण्यात जीव नाही, असे ऐकणाऱ्यांपैकी काहींनी बाहेर येऊन सांगितले.

पुढे ८ मे २०२५ रोजी लिओ चौदावे हे पोपपदी निवडले गेले. दोनच दिवसांनी कार्डिनलांपुढे बोलताना, ‘लिओ’ हे नाव आपण का घेतले याचा त्यांनी खुलासा केला. तेरावे लिओ यांच्या काळी औद्योगिक क्रांतीने माणसाच्या श्रमापुढे जसा प्रश्न उभा केला, तसाच प्रश्न आज कृत्रिम बुद्धिमत्ता उभा करीत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शब्दावर जगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लागू आहे. कथा, दृष्टांत, श्लोकाचा अन्वय, अभंगाचे निरूपण हे सारे जर यंत्र क्षणार्धात पुढ्यात ठेवू लागले, तर फादरांची किंवा आम्हां बुवालोकांची गरज ती काय उरली?

याचे उत्तर शोधावयाचे तर धर्मगुरूचे काम आतून कसे चालते, ते पाहिले पाहिजे. आपल्याला दिसतो तो रविवारचा झगा आणि उपदेशाचा चौथरा. सोमवार ते शनिवार हा मनुष्य काय करतो, ते सहसा आपल्या दृष्टीस पडत नाही.

तेच श्रोते, तोच वक्ता

प्रोटेस्टंट मंडळीत पुरोहिताला मराठीत ‘पाळक’ म्हणतात. इंग्रजीत ‘पास्टर’. हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ मेंढपाळ. संस्कृतातील रक्षणार्थक ‘पा’ धातू आणि या शब्दाचे मूळ एकच, असे तुलनात्मक भाषाशास्त्र सांगते. म्हणजे आपला ‘गोप’ आणि त्यांचा ‘पास्टर’ हे चुलतभाऊच ठरले. गुराख्याचे काम मुरली वाजवून संपत नाही. लंगडे वासरू खांद्यावर घ्यावे लागते आणि वाट चुकलेली गाय अंधारात धुंडावी लागते.

कीर्तनकाराचे तसे नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. पूर्वरंगात एक अभंग, उत्तररंगात एक आख्यान. गाव नवे म्हणून आख्यान नवे. चार दृष्टांत मुरले की वर्षभर पुरतात. बुक्का लागतो, आरती होते, बिदागी हाती पडते आणि बुवा पहाटेची एस. टी. धरतात. त्यांच्या घरी भांडण आहे की नाही, दिलेला शब्द ते पाळतात की नाही, हे श्रोत्यांस कळावयाचा संभवच नसतो.

धर्मगुरूला मात्र त्याच श्रोत्यांपुढे दर रविवारी उभे राहावे लागते. वर्षाचे रविवार बावन्न. कॅथलिक पंथात १९६९ पासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरलेले आहे. म्हणजे तोच उतारा चौथ्या वर्षी फिरून समोर येतो, आणि ऐकणारेही तेच असतात. मागे या उताऱ्यावर फादर काय बोलले होते ते पुढच्या बाकावरच्या आजीबाईंना पाठ असते. शिवाय मधल्या काळात फादर कोणाशी कसे वागले, हेही त्यांना ठाऊक असते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या ‘इव्हांजेली गाउदियुम’ या पत्रात उपदेश कसा असावा यावर सविस्तर लिहिले. उपदेशकाचा एक कान धर्मवचनाकडे आणि दुसरा लोकांकडे असला पाहिजे, हे त्याचे सार. पुढे जून २०२४ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगून टाकले की, उपदेश आठ मिनिटांहून लांबू नये, नाहीतर लोकांना झोप येते. आम्हां कीर्तनकारांचे तर नमनालाच घडाभर तेल जाते! पण विनोद सोडला तरी त्यातले मर्म खरे आहे. सात दिवस माणसांत वावरलेल्याला आठ मिनिटे पुरतात. जो वावरलाच नाही, त्याला दोन तासही अपुरे पडतात.

आर्सचा अडखळणारा उपदेशक

फ्रान्समध्ये लिऑन शहराच्या उत्तरेस आर्स नावाचे खेडे आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये तेथे झां-मारी व्हिआने नावाचे धर्मगुरू आले, तेव्हा गावची वस्ती जेमतेम २३०. व्हिआने शेतकऱ्याचे पोर. जन्म १७८६ चा. राज्यक्रांतीच्या धामधुमीत शिक्षणाची आबाळ झालेली. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना, परीक्षेत अपयश आलेले; केवळ त्यांची भक्ती पाहून १८१५ मध्ये वरिष्ठांनी त्यांना गुरुदीक्षा दिली. ते रात्ररात्र जागून उपदेश लिहीत, तोंडपाठ करीत आणि ऐन वेळी मध्येच विसरत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आमच्यासारख्या पाठांतराच्या अभिमान्याला हा वृत्तान्त अंतर्मुख करणारा आहे. कारण याच अडखळणाऱ्या माणसाकडे पुढे फ्रान्सभरातून दरवर्षी हजारोंनी यात्रेकरू लोटू लागले. ते वक्तृत्व ऐकावयास येत नव्हते. पापनिवेदनाच्या त्या लाकडी खोलीत बसून व्हिआने लोकांची दुःखे ऐकत. अखेरच्या वर्षांत तर दिवसाचे चौदा-सोळा तास. आलेल्याने मन मोकळे करावे आणि यांनी ते पोटात ठेवावे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर सांगावयाचे नाही, हा त्यांच्याकडील कडक दंडक. तो मोडणारा धर्मगुरू तत्काळ बहिष्कृत ठरतो.

या श्रमाने व्हिआने इतके थकले की, गाव सोडून एकांतात जावे म्हणून त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा पळ काढला. आणि प्रत्येक वेळी ते परत आले. ४ ऑगस्ट १८५९ रोजी त्याच गावी त्यांनी देह ठेवला. १९२५ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले आणि १९२९ मध्ये सर्व धर्मग्रामगुरूंचे ते आश्रयदाते संत मानले गेले. जगातल्या इतक्या विद्वान धर्मगुरूंतून हा मान लॅटिनला अडणाऱ्या माणसाकडे गेला.

त्यांच्या गावचा एक शेतकरी कामावर जाता-येता चर्चमध्ये शिरून नुसता बसून राही. ओठही हलत नसत. काय करतोस, असे विचारता तो म्हणाला की, मी देवाकडे पाहतो आणि देव माझ्याकडे पाहतो. ही गोष्ट व्हिआने पुढे आपल्या उपदेशात डोळ्यांत पाणी आणून सांगत. विटेवरच्या मूर्तीसमोर घटकाभर निःशब्द उभ्या राहणाऱ्या वारकऱ्याला याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. असे एखादे वाक्य गावच्या शेतकऱ्याकडून कानी पडावे, हेच या कामाचे वेतन. ते पुस्तकातून मिळत नाही आणि यंत्रातूनही मिळावयाचे नाही.

थकलेले मेंढपाळ

आजची स्थिती काय आहे? २०२३ च्या आकड्यांनुसार जगात कॅथलिकांची संख्या सुमारे १४० कोटी, आणि धर्मगुरू सुमारे ४ लाख ७ हजार. म्हणजे साधारण साडेतीन हजार माणसांमागे एक. आफ्रिका आणि आशिया खंडांत धर्मगुरू वाढत आहेत. युरोपात ते झपाट्याने घटत आहेत. जर्मनीतील अनेक धर्मग्रामांचा भार आज आपल्या केरळातून गेलेले धर्मगुरू वाहतात. एकेका गुरूकडे चार-चार चर्चेस आली, म्हणजे घरभेटी आपोआप मागे पडतात.

प्रोटेस्टंट पाळकांची स्थितीही सुखाची नाही. अमेरिकेतील बार्ना या संशोधनसंस्थेने मार्च २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत ४२ टक्के पाळकांनी सांगितले की, मागील वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडून देण्याचा विचार आपल्या मनात येऊन गेला. कामाचा असह्य ताण, एकटेपण आणि मंडळीतील राजकीय दुफळी ही त्यांनी दिलेली प्रमुख कारणे. साऱ्या गावचे दुःख ज्याच्या कानात ओतावयाचे, त्याने आपले दुःख कोणाकडे न्यावे?

याहून मोठा घाव आतून झालेला आहे. २००२ मध्ये बोस्टन शहरातील वृत्तपत्राने धर्मगुरूंकडून बालकांवर झालेले अत्याचार आणि ते झाकण्याचे वरिष्ठांचे प्रयत्न उघड केले. पुढे देशोदेशी चौकशा झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्माधिकारी, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना अशाच एका प्रकरणाच्या हाताळणीवरून पद सोडल्याचे जाहीर करावे लागले. ज्याच्यासाठी उंबरठा विश्वासाने उघडला, त्यानेच घात केला, तर पुढच्या सज्जनासाठीही तो उंबरठा बंद होतो. बुवा-महाराजांच्या नादी लागून होरपळलेली घरे आपल्याकडेही आहेत. तेव्हा या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आणि तरीही याच धर्मगुरूंतील कित्येकांनी मृत्यूकडे पाठ फिरविली नाही. २०२० च्या वसंतात कोरोनाच्या पहिल्या लाटेत एकट्या इटलीत शंभराहून अधिक धर्मगुरू गेले. बेर्गामो परिसराची हानी विशेष मोठी. त्यांत वयोवृद्ध पुष्कळ होते, हे खरे. पण आजाऱ्यांची विचारपूस करता करता रोग जडलेलेही होते.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशाचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचे उदाहरण तर कोणत्याही वक्त्याने जपून ठेवावे असे आहे. त्यांचा रविवारचा उपदेश नभोवाणीवरून देशभर ऐकला जाई. ज्यांची माणसे मारली गेली, नाहीशी झाली, ते लोक आपले गाऱ्हाणे घेऊन त्यांच्याकडे येत, आणि रोमेरो ती नावे उपदेशात वाचून दाखवीत. त्यांचा मुक्काम राजवाड्यात नव्हता. कर्करोगाच्या रुग्णालयाच्या आवारात ते राहत. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांना आपल्याच बांधवांवर शस्त्र न चालविण्याचे आवाहन केले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात उपासना चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या वाणीला जे तेज होते, ते येणाऱ्या-जाणाऱ्या दुःखितांनी दिलेले होते.

एक अवघड प्रश्न

येथे वाचकांच्या मनातील शंका आम्ही ओळखतो. सेवेच्या आडून धर्मांतर होते, त्याचे काय? ही शंका निराधार नाही. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळे पाडली गेली. मंगेश आणि शांतादुर्गा यांना आपली मूळ स्थाने सोडून खाडीपलीकडे जावे लागले. ती आठवण गोमंतकातील कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. त्याच साष्टीत, राचोल येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत छापले गेले. मराठी वाणीवरचे त्यांचे प्रेम खरे, आणि देवळे गमावलेल्यांचे दुःखही खरे. एकाने दुसरे पुसले जात नाही.

तथापि मोजमाप कोणते लावावे, हे चर्चनेच सांगून ठेवले आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’ या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की, प्रेमसेवा ही निरपेक्ष असली पाहिजे आणि तिला धर्मप्रसाराचे साधन करता कामा नये. जेथे भाकरीबरोबर अट येते, तेथे सेवा संपून व्यवहार सुरू होतो. ही कसोटी त्यांना आपण अवश्य लावावी. पण लावताना स्वतःलाही विचारावे की, त्या आजाऱ्याच्या दारी आपण आधी का पोहोचलो नाही?

आपल्याच मातीतील दोन माणसे येथे आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण कीर्तन आणि अभंग यांना ते दुरावले नाहीत. देव परका वाटू नये तर बोली घरची हवी, हे त्यांनी जाणले आणि ख्रिस्ती मंडळीत टाळमृदंग नेला. अलीकडचे उदाहरण वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. १९७२ मध्ये गुरुदीक्षा घेतलेल्या या धर्मगुरूने ‘सुवार्ता’ मासिक दीर्घकाळ चालविले. वसईचे पाणी आणि हिरवाई वाचविण्यासाठी सर्वधर्मीय गावकऱ्यांबरोबर ते रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. आपल्या विहिरीचे पाणी वाचविणारा फादर कोणत्या पंथाचा, हे गावाने विचारले नाही.

आपल्या अंगणात

आता आपल्या घरी यावे. आज घराघरांत भ्रमणध्वनीवर कीर्तन वाजते. पूर्वी सप्ताहाची वाट पाहावी लागे. आता हवे ते बुवा, हवे ते आख्यान, हवे तेव्हा. ही सोय लहान नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला कानाशी हरिनाम ऐकू यावे, ही कृपाच. पण तो आवाज तिची चौकशी करीत नाही. सातशे कोसांवरच्या मुलाचा फोन आला नाही म्हणून ती रडली, तर आख्यान थांबत नाही.

आमच्या क्षेत्री कीर्तन आटोपले की दर्शनाला रांग लागते. कोणी पायांवर डोके ठेवतो, कोणी बुक्का मागतो. त्यांतच एखादी माउली हळूच म्हणते, “महाराज, मुलगा चार वर्षांत घरी बोलला नाही. काही सांगा.” मागे शंभर माणसे उभी असतात. त्या क्षणी साऱ्या व्याकरणाचा आणि अलंकारशास्त्राचा काही उपयोग नसतो. तिला घटकाभर वेळ हवा असतो, कोणी तरी ऐकावयास हवा असतो, आणि पुन्हा आठ दिवसांनी ‘काय झाले ग?’ असे विचारणारा हवा असतो. फादर ज्याला आपले रोजचे काम समजतात, ते हेच.

आपल्या परंपरेत हे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरत तेव्हा आधी हाती खराटा घेत. दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसा ज्यांची घाण उचलली, त्यांनाच रात्री प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांनी मिळविलेला असे. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. कीर्तनकाराचे खरे उत्तररंग ते हेच. वारकरी फडांतूनही गुरूने माळकऱ्याच्या घरी जावे, बरे-वाईट पाहावे, अशी रीत होती. काही ठिकाणी ती अजून आहे. ती नव्याने उभी करावयाची आहे इतकेच.

आम्हांस सुचते ते साधे आहे. सप्ताह बसविणाऱ्या मंडळींनी सात दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत एक सकाळ गावातील आजारी, वृद्ध आणि नुकतेच दुःख झालेल्या घरांसाठी राखून ठेवावी. बुवांना बिदागी द्यावी, आणि त्या सकाळी चार उंबरठे त्यांच्याबरोबर चढावेत. तरुण कीर्तनकारांनी पाठांतराच्या जोडीने ऐकून घेण्याचाही अभ्यास करावा. ऐकलेले गुप्त राखण्याचे व्रत घ्यावे. आणि गृहस्थांनी गुरूकडे फक्त प्रसाद मागू नये. घरात कोणी खचले असेल तर त्यांना निःसंकोच बोलवावे. शेजारच्या आळीत ख्रिस्ती घर असेल आणि तेथे दुःख झाले असेल, तर फादर येऊन गेले तरी आपणही जावे.

फ्यूर्थच्या त्या पडद्यावरील आकृतीने मृत्यूचे भय धरू नका असे सांगितले. सांगणाऱ्याला मृत्यू नव्हता. ज्याला स्वतःला मरावयाचे आहे, ज्याने आदल्या रात्री कोणाच्या तरी उशाशी बसून अखेरचा श्वास पाहिला आहे, त्याने तेच शब्द उच्चारले तर ऐकणाऱ्याच्या मनाला धीर येतो. व्यासांनी भारत लिहिले ते आपल्याच कुळाचा संहार डोळ्यांनी पाहून. त्यांच्या आसनावर बसणाऱ्या आम्हां सर्वांना, मग कोणी टाळ धरो वा क्रूस, लोकांच्या उंबरठ्याआत जाण्याची बुद्धी आणि तेथे गेल्यावर ऐकून घेण्याचे धैर्य लाभो, हीच आज व्यासचरणी प्रार्थना.